तोंड मिटलेला यू

कल्लोळे सिस्टर जाताना म्हणाल्या,
"चौदा नंबरचं लिहिलंय सगळं, बघून घे गं,"
आणि पर्समधला पास शोधत जिना उतरल्या.
कागलची गाडी पावणेनऊला, चुकली की तासभर नाही.
सलाईनच्या स्टँडला टेकून मी चार्ज घेतला:
अठ्ठावीस पेशंट, अकरा मिनिटं.

कागदावर शिंत्रे सरांचं अक्षर.
इंग्रजी चार, त्याला खेटून यू.
वरनं उघडा असायला हवा होता तो.
घाईत त्याचं तोंड मिटलं.
तोंड मिटलेला यू
वाचणाऱ्याला शून्य दिसतो.

शंका आली नाही असं नाही.
फोन केला. सरांच्या मागं कॅज्युअल्टीत
शिरोलीच्या पुलाजवळची अपघाताची माणसं ओरडत होती.
"सर, चौदा नंबर, इन्सुलिन चाळीसच ना?"
"लिहिलंय ना? मग लिहिलंय तसंच द्या."

तसंच दिलं.
सिरिंज पार शेवटच्या रेघेपर्यंत.
एकदा मनात आलं, एवढी कधी भरतो का आपण?
तेवढ्यात वीस नंबरच्या नळीत रक्त चढलं
आणि मी तिकडं धावले.

औषधाच्या खिडकीतल्या अल्ताफभाईंनी
दुपारीच लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं होतं,
मागणीच्या दुसऱ्या प्रतीवर.
दुसरी प्रत
त्यांच्याच फाईलला लागते.

अडीच वाजता बाळगोंडा आप्पा घामानं निथळत होते.
मशीनवर अडतीस.
हाक मारली तर डोळे न उघडता म्हणाले,
"ह्यो रवा ओला हाय, बाजूला काढ."
सारा जन्म गुळाच्या बाजारात तोलाई केलेला माणूस,
त्याच्या अंगात साखर उरली नव्हती.
शीर सापडेना. मग सापडली.
ग्लुकोज हळूहळू आत ढकलताना
मी ओठातल्या ओठात काहीतरी मोजत होते.
काय, ते आजही सांगता येत नाही.

सकाळी मेट्रनच्या केबिनमध्ये सगळेच खरे होते.
मी चारच लिहिले, शिंत्रे सर म्हणाले. खरं.
मी बघून घे म्हटलेलं, कल्लोळे सिस्टर म्हणाल्या. खरं.
अल्ताफभाईंनी फाईल उघडून प्रश्नचिन्ह दाखवलं.
मी तर फोन करून विचारलंही होतं.
चहा आला. कुणी बिस्किट घेतलं नाही.
रजिस्टरात ओळ पडली:
"रात्री साखर कमी झाली, उपचार केले."
जशी काही ती आपल्या मनानं उतरून गेली होती.
आप्पांच्या मुलालाही तेवढंच सांगायचं ठरलं.

तो गंगावेशीतनं दूध घेऊन आला तेव्हा
आप्पा उशीला टेकून बसलेले.
पेल्यातला फेस बोटानं बाजूला करत म्हणाले,
"आमच्यात सौदा रुमालाखाली व्हायचा, पोरी.
तोंडानं शबूद न्हाई, नुसती बोटं दाबायची.
पर समोरच्यानं तेवढीच बोटं परत दाबल्याबिगर
म्या कधी आकडा लिवला न्हाई.
उगं हूं म्हटल्यानं सौदा हुतोय व्हय?"

मी बीपीचा पट्टा गुंडाळत राहिले.
मुलगा पेला विसळायला नळाकडं गेला.
आप्पांनी चादरीखालनं हात पुढं केला,
पंजा उघडा, वर्षानुवर्षांच्या काट्यानं घट्टे पडलेला.
"रातच्याला किती घातलंस?"

नळ चालू होता.
मी चादरीखाली हात नेला,
त्यांची चार बोटं दाबली.
त्यांनी चार परत दाबली
आणि हात सोडला नाही.
अजून काहीतरी यायचं आहे,
हे तोलाईदाराला कळत होतं.

शून्य कसं दाबतात
ते मला येत नव्हतं.